खालचा जोड

फाटकातून आत शिरताना ग्राइंडर चालवणारं माणूस म्हणजे माझीच मुलगी, हे मला ओळखू आलं नाही. पत्र्याच्या शेडच्या तोंडाशी कुणीतरी पाठमोरं उकिडवं बसलं होतं. डोक्याला फडकं, अंगात ढगळ खाकी शर्ट, आणि पायाशी ठिणग्यांचा फवारा.

"हर्षा, थांबीव ते. सर आलं बघ," आतून माझ्या व्याह्यांचा, तात्या रेडेकरांचा आवाज आला.

ग्राइंडर थांबला. हर्षदानं गॉगल कपाळावर सरकवला. डोळ्यांभोवतीची जागा तेवढी गोरी राहिली होती, बाकी चेहरा लोखंडाच्या किसानं काळा. ती पाया पडायला वाकली, पण पायांना हात लावला नाही.

"माखलेत हात," ती म्हणाली. "प्रवास कसा झाला अण्णा? डोळा दुखत नाही ना?"

शर्ट एस. टी.च्या वर्कशॉपचा होता. तात्यांनी चौतीस वर्षं आगारात मेकॅनिक म्हणून काढली होती, त्यातला. माझे शिकवतानाचे खाकी कोट मिरजेला ट्रंकेत पडून होते, आणि ही इथे सासऱ्याचा शर्ट घालून बसली होती.

याला आता अकरा वर्षं झाली. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वीस दिवस झाले होते. हर्षदाची आई जाऊन तीन वर्षं झालेली, घरी मी एकटा. म्हणून जावई विक्रांतराव स्वतः येऊन मला आजऱ्याजवळच्या त्यांच्या गावी घेऊन आले. महिनाभर धूळ नको, धूर नको, वेल्डिंगच्या उजेडाकडे तर बघायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते त्यांनी मुद्दाम सांगितलं, कारण मी एकतीस वर्षं आय. टी. आय.त वेल्डिंग शिकवलं. सहाशेच्या वर पोरं माझ्या हाताखालून गेली. हर्षदा दहावी झाली तेव्हा तिनं माझ्याच ट्रेडचा फॉर्म आणून माझ्यापुढे ठेवला होता. त्या वर्गात आजवर एकही मुलगी आलेली नाही आणि पहिली माझी असणार नाही, एवढं सांगून मी तो फॉर्म परत दिला. ती बी. कॉम. झाली. तो विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

"या, या सर, बघा तरी आमची बग्गी," तात्या म्हणाले.

शेडमध्ये विटांच्या चार थप्प्यांवर ती उभी होती. चाकं अजून लागायची होती. गोल पाइपांचा पिंजरा, त्यात दोन सीटा, मागच्या बाजूला भंगारातून आणलेलं मारुती आठशेचं इंजिन. दारं नाहीत, टप नाही, काच नाही.

"ही रस्त्यावर चालायची गाडीच न्हवं," तात्या सांगू लागले. "दगूड, चिखूल, ओढा, जितं वाट न्हाई तितं जायाचं. फेब्रुवारीत नदीकाठच्या माळावर शर्यत असतीया. पोरं पुण्याहनं तयार गाड्या आणत्यात. म्या म्हटलं, आपण घरात करू. समदं हितंच केलंय बगा, भायेर एक टाका दिला न्हाई."

"आणि चालवणार कोण?"

"ही की," तात्यांनी हर्षदाकडे बोट केलं. "आमचा विक्रांत बँकेतला माणूस. त्याला ग्रीस लागलं की शिंका येत्यात."

विक्रांतराव हसले. माई, म्हणजे विहीणबाई, दारातून म्हणाल्या, "सासऱ्याला आणि सुनेला जेवायलासुद्धा हाक मारून आणावं लागतं बघा." सगळे हसले. मीही हसलो.

पहिले दोन दिवस मी शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसलो. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. डिसेंबर होता, भातं कापून झाली होती, हवा छान होती. तात्या गाडीखाली पाठीवर झोपून काम करत आणि नुसता हात बाहेर काढत. हर्षदा त्या हातात बरोब्बर हवा तो पाना ठेवी. काय पाहिजे हे तिला विचारावं लागत नसे.

"तात्या, सीट अजून दोन बोटं मागं घ्यायची का? माझा गुडघा अडतोय."

"बसून बघ. तुला जसं बरं पडंल तसं."

"मग सीट नको, पेडल पुढं घेऊ."

"हां, ही खरी मिस्त्रीण."

असं दिवसभर चाले. माझ्याशी बोलताना हर्षदा अण्णा, चहा घेणार का, औषधाचा थेंब टाकला का, एवढंच विचारी. तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर, भाजल्याचा एक जुना डाग होता. मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तो होय? ते झालं मागं," आणि बाही खाली ओढून घेतली. हीच गोष्ट तात्यांना सांगताना तिनं किती हसून सांगितली असेल, असं मला वाटून गेलं.

दोन दिवसांत मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. वेल्डिंगचं मशीन माझ्यापासून पाच हातांवर होतं. जोडांबद्दल, रॉडबद्दल, करंटबद्दल जे काही आहे ते एकतीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं होतं. आणि या माणसानं, ज्यानं जन्मभर एस. टी.च्या क्लचप्लेटा बदलल्या, त्यानं माझ्या मुलीला दोन वर्षांत मिस्त्रीण केलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या हात पुसत माझ्यासमोर आले.

"सर, आता तुमची नजर फिरू द्या. तुमी बघितल्याबिगर ही भायेर काढायची न्हाई, असं हर्षानं ठरवलंय."

हर्षदा मशीनपाशी उभी होती. कापडानं रॉड धरायचा चिमटा पुसत होती.

मी उठलो. तात्यांनी बॅटरी धरली आणि मी एकेक जोड बघत गेलो. वरच्या पिंजऱ्याचे जोड रांगडे होते, माल जास्त घातलेला, कुठे फुगलेले, पण मजबूत. त्यात नाव ठेवण्यासारखं फार नव्हतं. मग तात्यांनी बॅटरी खाली नेली. पुढच्या चाकांना धरणारे लोखंडी हात जिथे गाडीला जोडतात, तिथे समोरून एक आडवा पाइप गेला होता आणि त्यावर जाड पट्टीचे दोन कान बसवले होते. गाडीचा सगळा हिसका त्या दोन कानांवर येणार.

मी वाकलो आणि तसाच राहिलो.

मी पोरांना सांगत असे, जोड करंजीच्या मुरडीसारखा पाहिजे. प्रत्येक मुरड आधीच्या मुरडीवर अर्धी चढलेली, सगळ्या सारख्या, कुठे घाई नाही, कुठे हात थांबलेला नाही. सहाशे पोरांपैकी फार तर दहा-बारा जणांना ते साधलं. आणि इथे, एका गोठ्याशेजारच्या शेडमध्ये, ते माझ्या डोळ्यांसमोर होतं. कडेला कुठे खाच नव्हती, मण्याएवढाही फुगवटा नव्हता. ऑपरेशननंतर मला इतकं स्वच्छ दिसत होतं, की मी मुरडी मोजू शकलो असतो.

मला वाटलं, वरचे जोड सुरुवातीचे असणार. काम करता करता या माणसाचा हात बसत गेला आणि इथे येऊन तो इतका बसला. सत्तरीला आलेला माणूस, कुठे शिकलेला नाही. हर्षदा रोज हे बघत होती. तिनं आता माझ्याकडे बघितलं काय, न बघितलं काय.

"कसं हाय, सर?" तात्यांनी विचारलं.

"दिसायला देखणं आहे," मी म्हणालो. "पण आत उतरलेलं नाही."

"म्हंजी?"

"थंड जोड आहे. वरच्यावर बसलाय. करंट कमी पडला की असं होतं. वरून फार सुबक दिसतं, आत लोखंडानं लोखंडाला धरलेलंच नसतं. पहिल्या खड्ड्यात कान उपटून येईल."

तात्यांनी बॅटरी कानाच्या अगदी जवळ नेली.

"मग घासून परत लावावा?"

"घासताना पाइप पातळ पडेल. घासून भागणार नाही. हा आडवा पाइप कानांसकट कापून टाका, नवा घाला. आणि एक सांगतो व्याहीबुवा, राग मानू नका. ज्यानं हा जोड लावलाय त्याचा हात अजून चाकाच्या कामाला तयार नाही."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हर्षदाकडे बघितलं. तिची नजर पाइपावर होती.

"चहा ठेवते," ती म्हणाली आणि घरात गेली.

तात्यांनी लगेच ग्राइंडर घेतला. पाइप दोन्ही टोकांना पिंजऱ्यात पक्का बसवलेला, त्यामुळे खाली पाठीवर झोपूनच कापावा लागत होता. त्यांना दोन तास लागले. अधूनमधून थांबून ते खांदा चोळत. मी दाराबाहेर खुर्ची सरकवून बसलो होतो. चहा माईंनी आणून दिला.

त्या दिवशी दुपारी मला भूक चांगली लागली. हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मला शेताकडे फिरायला घेऊन गेले. बांधावरून ते पुढे आणि मी मागे. काजूच्या झाडांपाशी ते थांबले.

"सर, एक बोलू?"

"बोला की."

"कालचा त्यो जोड हर्षाचा हुता."

त्यांनी पायानं एक ढेकूळ बाजूला सारलं.

"बाकी समदं माझं. खालचा त्यो पाइप तेवढा तिचा. तुमची जुनी वही हाय तिच्याकडं, लग्नात आणलेली. त्यात तुमी वर्गात शिकवायचासा ते समदं लिवलंय. करंजीची मुरड का काय ते बी. दोन महिनं भंगारातल्या पट्ट्या जोडत बसली, वही म्होरं ठेवून. मला तर त्यातलं काईच येत न्हाई, मी आपला ठिगळं लावणारा. मी म्हटलं, अगं आता तू तयार झालीस. तर म्हनती कशी, अण्णांनी बघितल्याबिगर न्हाई. तुमास्नी आधी सांगायचं न्हाई, तुमी चांगला म्हटलंसा की मग सांगायचं, असं ठरलंतं आमचं."

खालच्या खाचरात बगळे उतरले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"ती रडली का?" मी विचारलं.

"न्हाई. पर जेवली न्हाई." मग तात्यांनी माझ्या दंडाला धरलं. "तुमी वाईट वाटून घिऊ नका. तुमी हुतासा म्हणून कळलं. माझ्या नजरंला जन्मात दिसलं नसतं. पोरगी त्यात बसणार हुती, सर. वाचली म्हणायची."

मी मान हलवली. परत येताना ते पुढे चालत होते आणि हात मागे नेऊन खांदा चोळत होते.

नाश्ता झाल्यावर तात्या विक्रांतरावांबरोबर नवा पाइप आणायला गडहिंग्लजला गेले. माई शेजारी बसायला गेल्या होत्या. मी ओसरीवर होतो. शेडमधून घणाचा आवाज आला. एक, मग दुसरा, मग सारखे.

मी आत गेलो. हर्षदानं कापलेला पाइप व्हाइसमध्ये आवळून धरला होता आणि एका कानावर आडवे घाव घालत होती. पाच किलोचा घण. तोंडावर घाम, अंगात तोच खाकी शर्ट. मला बघून ती थांबली नाही. जोड कच्चा असता तर दोन घावांत कान उचकटून वेगळा झाला असता, हे तिलाही माहीत होतं. वहीत होतं ते. जाड पट्टी हळूहळू वाकली. वाकून पाइपाला टेकली. पाइप एका बाजूनं चेपला. जोड होता तसाच होता, केसाएवढी भेग नाही.

तिनं घण खाली ठेवला आणि बाजूला झाली, मला बघता यावं म्हणून.

"अण्णा, हा तुटायला पाहिजे होता."

मी जोडावरून बोट फिरवलं. गरज नव्हती.

"तुमच्या डोळ्यांचं आत्ताच झालंय," ती म्हणाली. "शेडमध्ये उजेडही कमी होता. बॅटरीची झाक आली असेल."

ती मला वाट देत होती. तिचा आवाज असा होता की मी हो म्हणालो असतो तर तिनं ते मानलं असतं, निदान मानलं असं दाखवलं असतं.

"दिसलं होतं," मी म्हणालो. "स्वच्छ दिसलं होतं. जोड चांगला होता. माझ्या वर्गात असा जोड दहा जणांनी लावला नसेल."

"मग?"

"मला वाटलं, तो त्यांनी लावलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काय बोललो ते तिला कळायला थोडा वेळ लागला. मग कळलेलं तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं, आणि मी मान खाली घातली.

"तात्या काल दोन तास पाठीवर झोपून कापत होते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही बघत होता."

"हो."

तिनं व्हाइस सैल केला, पाइप काढला आणि भंगाराच्या ढिगात ठेवला. टाकला नाही, ठेवला.

"ते आले की मी सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"नाही."

"हर्षा, त्यांना कळायला पाहिजे. ते समजतायत की तुझा हात—"

"माझ्या हाताचं काय ते मी बघेन. तुम्ही काहीही सांगायचं नाही." तिनं डोक्याचं फडकं सोडलं आणि चेहरा पुसला. "लग्न होऊन आले तेव्हापासून मी या घरात तुमच्याबद्दल सांगतेय. अण्णा कसे शिकवायचे, कशी पोरं त्यांचं नाव काढतात. तात्या आल्यागेल्याला तेच सांगतात. ते खोटं ठरलेलं मला चालणार नाही. मला या घरात राहायचंय, अण्णा. तुमची मुलगी म्हणून."

दुपारी तात्या पाइप घेऊन आले. हर्षदानं कान कापले, घासले, बसवून बघितले. जोड लावायची वेळ आली तेव्हा तात्या म्हणाले, "आता सरांनी म्होरं बसून सांगावं, काय करंट ठेवायचा त्यो."

"सांगा, अण्णा," ती म्हणाली. तोंडावर काच होती, मला चेहरा दिसत नव्हता.

मी करंटचा आकडा सांगितला. तिनं मशीनवर बघितलं. काटा आधीच तिथे होता. मी पाठ फिरवून बसलो. भिंतीवर निळा उजेड थरथरत राहिला आणि मागून तो आवाज आला, चांगल्या जोडाचा, तळणीत एकसारखं तळत असल्यासारखा. तो कुठेही अडखळला नाही.

"आता?" तात्यांनी विचारलं.

मी वाकून बघितलं. "आता बरोबर आहे," मी म्हणालो. कालच्यात आणि आजच्यात तसूभर फरक नव्हता.

फेब्रुवारीत शर्यतीला त्यांनी मला पुन्हा बोलावून घेतलं. माळावर चौदा गाड्या होत्या, बहुतेक जीपा. आमची बग्गी सगळ्यांत हलकी आणि सगळ्यांत कुरूप. हर्षदा ओढ्यात शिरली, पलीकडे निघाली, दगडांच्या उतारावर पुढची चाकं हातभर उंच उडून आदळली. कान हलले नाहीत. शेवटच्या चढावर इंजिन बंद पडलं, ते पुन्हा चालू करण्यात वेळ गेला. ती सहावी आली.

बक्षिसं वाटताना आयोजकांनी घरी बनवलेल्या गाडीसाठी वेगळं बक्षीस पुकारलं. तात्या मंचावर गेले आणि त्यांनी माइक सोडला नाही.

"ही गाडी आमी केली, पर ही उभी हाय ती माझ्या व्याह्यांच्या नजरंमुळं," ते म्हणाले. "डोळ्यांचं ऑपरेशन होऊन महिना झाला न्हवता. निस्तं वाकून बघितलं आणि म्हणालं, ह्यो जोड कच्चा. वरनं बघाल तर असा देखणा, कुणाला शंका यायची न्हाई. स्वतःच्या लेकीचा जोड हुता, पर भीड धरली न्हाई. कापा म्हणालं. आज ती पोरगी धडधाकट बसलीया ती त्यामुळं. असा गुरू पाहिजे."

मला वर बोलावलं. कुणीतरी खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी मान वर केली नाही, त्यामुळे लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. खाली पहिल्या रांगेत, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली हर्षदा उभी होती. तीही टाळ्या वाजवत होती.

नंतर तात्या गाडीवर पाणी मारायला बादल्या आणायला गेले. आम्ही दोघंच बग्गीपाशी होतो. ती चाकातला चिखल काडीनं काढत होती.

"टाळ्या कशाला वाजवल्यास?" मी विचारलं.

"तात्या माझ्याकडे बघत होते," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "त्यांना वाईट वाटलं असतं."

मी शालीची घडी घातली. लाज मला वाटली, नाही असं नाही. ती पुढेही वाटत राहिली, तात्या दर पाहुण्याला ती गोष्ट सांगतात तेव्हा अजून वाटते. पण त्या क्षणी, तिचं ते वाक्य ऐकून, आधी तात्यांचाच हेवा वाटला. लाज मागून आली.